नकाराचे कारण

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार. डहाणू

तीस वर्षं मी दौरा डायरी लिहिली. अमुक पाडा, इतकी बाळं, इतक्या गरोदर बायका, इतक्या वाजता परत. नर्सबाईला स्वतःला काय वाटलं याचा रकाना त्यात नव्हता आणि कुणी विचारलंही नाही. यंदा एक डायरी जास्तीची आली, ती घरी आणली. हिच्यात लिहीन ते कुठल्याही साहेबाला दाखवायचं नाही. ह्यांनाही नाही.

लिहायला घेतलं त्याला कारण आहे. आज मला पट्ट्यावर चालवलं. पन्नाशीपुढच्या कर्मचाऱ्यांनी दरवर्षी तपासणी करून घ्यायची असते. मी आजवर टाळत आले, पण मार्चअखेर निवृत्त व्हायचंय, कागद अपुरे नकोत म्हणून गेले. रक्त झालं, लघवी झाली, साधा कार्डिओग्राम झाला, सगळं ठीक. मग म्हणाले, टीएमटी करा. छातीला चिकटवलेल्या दहा वायरी, अंगात त्यांचा झगा आणि पायाखाली सरकता पट्टा. मी त्या पोरीला म्हटलं, "अगं, मी वेवजीचे पाडे चढते, मला काय चालवतेस?" ती हसली. पट्टा दर तीन मिनिटांनी आणखी चढा होत गेला. सात मिनिटं व्हायच्या आत डॉक्टर आतून उठून आले, रेघांकडे बघितलं आणि म्हणाले, बस करा.

मला अजून चालता आलं असतं. तसं मी तिथे सांगितलंही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रिपोर्ट चांगला नाही. डॉक्टर परेश वापीचे, आठवड्यातून दोन दिवस डहाणूला बसतात. मराठी बोलतात पण मधूनच गुजराती पाझरतं. "निर्मलाबेन, बसा. टेन्शन नका घेऊ," म्हणाले. हे वाक्य मी स्वतः हजार वेळा म्हटलंय. ते कधी म्हणतात मला माहीत आहे.

जोरात चाललं की माझ्या हृदयाच्या एका भागाला रक्त कमी पडतं, असं रेघांवरून दिसतं म्हणे. त्यांनी विचारलं, छातीत दुखतं? नाही. दाब, जडपणा? नाही. दम? चढावर सगळ्यांनाच लागतो. हात, पाठ, जबडा? नाही. खरंच नाही. डावीकडची दाढ गणपतीपासून ठणकते, पण ती दाढेची भानगड आहे, जबड्याची नव्हे.

मग त्यांनी समजावलं. बायकांमध्ये ही टेस्ट कधी कधी उगाचच घाबरवते, खरं दुखणं नसतानाही वाईट येते. म्हणून पुढची तपासणी करायची. काहीच त्रास नसेल तर सीटी अँजिओ, शिरेतून औषध सोडून फोटो काढतात, दोन-तीन आठवड्यांत केली तरी चालेल. त्रास असेल तर मात्र थांबायचं नाही, सरळ मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी. "तुम्ही सांगता त्रास नाही, म्हणून आपण सीटी धरू," म्हणाले. चार गोळ्या लिहून दिल्या. एक जिभेखाली ठेवायची, छातीत दुखलं तरच.

ह्यांनी, म्हणजे प्रल्हाद यांनी, सगळं ऐकलं आणि बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, "वापीला कधी जायचं?" डहाणू स्टेशनच्या तिकीट खिडकीवर आयुष्य गेलंय. माणसाला कुठे आणि कधी यापलीकडे काही विचारता येत नाही. मी म्हटलं, बघू.

बायकांमध्ये उगाचच येते. हे डॉक्टरच म्हणाले. मी नाही म्हटलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळच्या गाडीने उंबरगाव, तिथून रिक्षाने वेवजी, उपकेंद्र साडेनऊला. दौरा डायरीची सवय जात नाही.

भात कापून झालंय. झोडणी आटपली की पाडेच्या पाडे वीटभट्टीवर निघतील आणि मग लेकरांच्या सुया राहतील त्या राहतीलच. म्हणून या महिन्यात श्वास घ्यायला वेळ नसतो. अशा वेळी मी वापीला जाऊन फोटो काढून घेत बसू?

टेकडीपाड्यावर लडक्याचा खोकला तिसऱ्या आठवड्यात गेलाय. अंगावरचं मांस उतरलंय. थुंकी तपासायला डबी दिली होती, ती त्याने खिळे ठेवायला घेतली. मी म्हटलं, "लडक्या, तलासरीला चल. थुंकी देऊ, फोटो काढू, एका दिवसाचं काम." तो म्हणाला, "जाईन गं बाय. भात झोडून होऊं दे. खोकला त धुरानं येतो." त्याची बायको शुक्री मागून म्हणाली, "यानं मागल्या साली पण धूरच सांगला." इथे सगळे मला अगं-तुगंच करतात. शुक्री तर तीस वर्षांची मैत्रीण. मी नवी होते तेव्हा ती पाड्यावरची सुईण, आम्ही दोघींनी मिळून निम्मा पाडा जन्माला घातलाय.

किती चिडले मी लडक्यावर! सरळ दिसतंय, जवळ सोय आहे, पैसा लागत नाही आणि माणूस भात झोडत बसतो. जिवापेक्षा भात मोठं आहे का?

पाड्यावर चढताना आंब्यापाशी दाढ फार ठणकली. कान, कानशील, सगळं एक झालं. उभी राहिले तर थांबली. थंडीत दातांना वारा लागतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आजपासून दातांना लवंगतेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वापीहून मुलीचा फोन आला. सीटीसाठी सतरा तारीख देऊ का? मी म्हटलं, लसीकरण संपू दे, मीच फोन करते. ती "बरं मॅडम" म्हणाली. एवढ्यावर ऐकणारी माणसं मला आवडत नाहीत. तिच्या जागी मी असते तर पेशंटच्या घरी जाऊन ठाण मांडलं असतं.

प्रगतीला काही कळवायचं नाही असं ह्यांना बजावलंय. पोरगी नाशिकला नव्या नोकरीत आहे, उगाच धावत येईल. हे "बरं" म्हणाले. आज सगळेच बरं म्हणताहेत.

हल्ली हे फार हळू चालायला लागलेत. सकाळी माझी पिशवी घेऊन स्टेशनपर्यंत येतात, ती एक नवीच सवय, आणि वाटेत दर शंभर पावलांवर चप्पल नीट करतात, नाहीतर कुणाच्या तरी वाडीतले चिकू बघत उभे राहतात. मी पुढे गेले की "जरा थांब" म्हणतात. पुढच्या वर्षी साठ होतील. माणूस म्हातारा व्हायला लागला की आधी पाय जातात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्याने ठोकून बघितलं, गार पाणी मारलं, फोटो काढला. म्हणे दाढ ठणठणीत आहे. मी म्हटलं, मग ठणकते कशी? म्हणाला, "चावताना दुखते का?" नाही. "रात्री?" नाही. "मग कधी?" चढताना. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काकी, दात चढ ओळखत नाही."

कालचा पोरगा. दुसरा डॉक्टर बघायला हवा.

घरी आल्यावर कपाट आवरलं. मग माळा आवरला. मग घासलेली भांडी पुन्हा घासली. हे बघत होते. बसवत नाही, त्याला मी काय करू? बसलं की मनात तो पट्टा सुरू होतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

टेकडीपाड्यावर लसीकरणाचं सत्र. वर्षा बरोबर होती. ही नवी कंत्राटी नर्स, मार्चनंतर माझ्या जागी हीच बसेल असं दिसतंय. पोरगी हुशार आहे पण प्रश्न फार विचारते. आंब्यापाशी मी थांबले तर म्हणाली, "सिस्टर, मागच्या वेळी पण तुम्ही इथेच थांबलात." मी म्हटलं, आंब्याला मोहोर आलाय का ते बघते. "नोव्हेंबरात?" म्हणाली. मी तिला लसीच्या डब्यातला बर्फ बघायला सांगितलं.

आज एक गंमत झाली. दाढ काही केल्या थांबेना, लवंगतेल घरी राहिलेलं. पर्समध्ये डॉक्टर परेशची ती जिभेखालची गोळी होती. म्हटलं, बघू या, नाहीतरी वायाच जायची आहे. दोन मिनिटांत दाढ शांत! डोकं मात्र थोडं दुखलं. त्या गोळीने शिरा सैल पडतात, हे मला माहीत आहे, त्यामुळे दाताच्याही पडत असतील. किंवा मी उभी राहिले होते, म्हणूनही थांबलं असेल. वर्षाला सांगितलं नाही, तिने लगेच मोबाईल काढून वाचायला घेतलं असतं.

परत येताना तिने विचारलंच, "सिस्टर, तुमची टीएमटी पॉझिटिव्ह आली ना?" हिला कुणी सांगितलं? कचेरीत कागद पोचला की पाठोपाठ गावभर बातमी पोचते. मी म्हटलं, बायकांमध्ये येते तशी. "मग ते खोटं आहे की खरं हे कळायला पुढची टेस्ट असते ना?" मी तिला चांगलीच झापली. तीस वर्षं नोकरी झाली आहे माझी, म्हटलं. नंतर मलाच वाईट वाटलं, म्हणून तिला रिक्षात कडेची जागा दिली.

लडक्याचं भात झोडून झालं. आता तो म्हणतो, पेंढा रचल्यावर जाईन.

२० नोव्हेंबर, गुरुवार

भांडण झालं. म्हणजे मी भांडले. ह्यांनी मला न विचारता वापीला फोन करून बावीस तारीख घेतली होती, स्वतःची रजाही टाकली होती. मी म्हटलं, माझं शरीर आहे, तुमचं तिकीट नव्हे. त्यांनी चष्मा काढून पुसला. घोलवडहून आणलेले चिकू टोपलीत होते, त्यातले पिकलेले वेगळे करत बसले. एक-एक चिकू अंगठ्याने दाबून बघायचा आणि ठेवायचा. मग म्हणाले, "निर्मला, मला स्वयंपाक येत नाही."

हे काय बोलणं झालं? मी म्हटलं, शिका मग. ते उठून बाहेर गेले.

मी मुकाट्याने वापीला फोन केला आणि बावीस तारीख रद्द केली. सांगितलं की घरात कार्य आहे. कसलं कार्य ते तिने विचारलं नाही.

खरं लिहायचं तर लिहिते, इथे कोण बघतंय. मला भीती वाटते. फोटोची नाही, नळीचीही नाही. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना धरून हॉस्पिटलात नेलं, तिला खाटेवर आडवं पडायची लाज वाटते. आणि तपासलं की ते असतं. न तपासलं तर निदान अर्धंमुर्धं नसतं. हे अडाणी बोलणं आहे हे मला कळतं. कळतं आणि तरी फोन केला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आजचं सगळं लिहून ठेवते. अंगठा अजून निळा आहे.

आधी माझ्या नोंदवहीबद्दल सांगायला हवं. संदर्भ नोंदवही सगळ्या उपकेंद्रांत असते, कुणाला कुठे पाठवलं त्याची. पण माझ्या वहीत दोन रकाने मी स्वतः आखलेत. एक 'नकाराचे कारण', दुसरा 'अंगठा'. जो दवाखान्यात जायला नाही म्हणेल त्याला मी वाचून दाखवते, मला समजावून सांगितलं तरी मी जात नाही, आणि अंगठा मागते. ही माझी युक्ती. या पाड्यांवर अंगठ्याची दहशत आहे. यांच्या आज्यांनी-पणज्यांनी कुठल्याशा कागदावर अंगठे दिले आणि जमिनी गेल्या, ते अजून कुणी विसरलेलं नाही. त्यामुळे शाईचा डबा उघडला की दहातले सहा जण म्हणतात, नको बाय, दवाखान्यातच येतो. ज्यांचे अंगठे वहीत आहेत ते फार हट्टी.

लडक्याचा पेंढा रचून झालाय. आज म्हणाला, नातवाला भट्टीवर सोडून आलो की जाईन. माझं डोकं फिरलं. वही काढली, डबा उघडला. म्हटलं, "दे अंगठा." अंगणात शुक्री, वर्षा आणि पाड्यावरची चार माणसं. लडक्या डब्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आला आता वळणावर. तर तो शांतपणे म्हणाला, "देतो. पण बाय, तुला वापीला बोलवला ना? काळीज तपासाया? वर्षाबाय बोलली."

मी वर्षाकडे बघितलं. ती लसीच्या डब्यात डोकं घालून बसली.

"माझं वेगळं आहे," मी म्हटलं.

"वेगळा कसा?"

"मला काही त्रास नाही. आणि आता सत्रं चालू आहेत. ती संपली की जाणार आहे."

अंगणात कुणीतरी हसलं. शुक्री मात्र हसली नाही. ती उठून माझ्यासमोर येऊन बसली. "मघाशी आंब्याखाली कोण गाल धरून उभा होता?" म्हणाली. "मी वरून बघत होती. काळ्या पण असाच गाल धरायचा."

काळ्या म्हणजे लडक्याचा थोरला भाऊ. त्याला जाऊन दहा-अकरा वर्षं झाली. मला त्याचा चेहरा आठवेना. मी म्हटलं, "शुक्री, दाढ आहे ती."

"त्याची पण दाढच होती," शुक्री म्हणाली. मग विचारलं, "तुजा अंगठा कोणी घेतला?"

"माझा कशाला?"

"तू पण नाय बोलतेस ना? मग अंगठा नको?" आणि तिने माझा हात धरला. सुईणीची पकड आहे, सुटत नाही. मी हसत होते, सोड सोड म्हणत होते, तोवर तिने माझा अंगठा शाईत दाबला आणि लडक्याच्या ओळीखालच्या कोऱ्या ओळीत टेकवला. मग त्याला म्हणाली, "आता तू दे. दोघां बी द्या. दोघां बी बेस मरा."

लडक्याने अंगठा दिला नाही. तो उठून घरात गेला.

मी वही मिटली आणि पाडा उतरले. उतारावर दाढ दुखत नाही. वर्षा मागून येत होती. स्टेशनवर हे उभे होते. माझा निळा अंगठा बघितला आणि विचारलं, "मत कुठे देऊन आलीस?" मला हसू यायला हवं होतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

रजा टाकली. नोंदवही घरी आणली आहे. आणायची नसते.

अंगठा आहे म्हणजे ओळ भरायलाच हवी. वहीत अर्धी ओळ मी कधी सोडली नाही आणि इतरांनी सोडली तर त्यांना सोडलं नाही. म्हणून बसले. नाव, निर्मला प्रल्हाद सावे. वय सत्तावन्न. कुठे पाठवले, वापी. गेले की नकार, नकार. नकाराचे कारण.

इथे पेन थांबलं. लिहिलं, 'सत्रे संपल्यावर'. मग वर नजर गेली तर लडक्याचं 'पेंढा रचल्यावर'. त्याच्यावर कुणाचं 'लावणी झाल्यावर', कुणाचं 'सोबत कोणी नाही'. 'घरात कार्य आहे' चार ठिकाणी. 'आता बरे वाटते' तर मोजवत नाहीत. 'डॉक्टर उगाच घाबरवतात' दोनदा. मी गेल्या तीन आठवड्यांत जे जे म्हटलं ते सगळं माझ्याच अक्षरात आधीच लिहिलेलं होतं. आणि दर ओळ लिहिताना मी चिडले होते, हेही मला आठवत होतं.

एकच कारण सापडत नव्हतं. म्हटलं, दाढेचं तरी नवीन असेल. मग शुक्रीचं बोलणं आठवलं आणि उपकेंद्राच्या जुन्या वह्या आठवल्या. त्या मार्चच्या हस्तांतरासाठी मीच गठ्ठा बांधून ठेवल्यात. वर्षाला फोन केला. म्हटलं, दोन हजार चौदाची वही काढ, टेकडीपाडा, काळ्या. मला वाचून दाखव.

तिने वाचलं. "काळ्या, वय पंचावन्न. तक्रार, डावी दाढ दुखते, चढताना व भारा उचलताना. बसल्यावर थांबते. कुठे पाठवले, तलासरी, दातांचे डॉक्टर. नकार. नकाराचे कारण, दाढच आहे, भात कापल्यावर जाईन. अंगठा आहे."

"पाठपुरावा?" मी विचारलं.

"सिस्टर..."

"वाच गं."

"मयत. शेतावर. भारा उचलताना."

अक्षर माझंच होतं, ते तिला सांगायची गरज नव्हती. मी त्याला दातांच्या डॉक्टरकडे पाठवला होता. छाती दुखत नव्हती ना, म्हणून. बसल्यावर थांबते हेसुद्धा मीच लिहून घेतलं होतं, इतकं नीट विचारून, आणि पुढे काही नाही. तेव्हा मला कळलं नाही. आणि अकरा वर्षांनी तीच तक्रार माझ्या तोंडात आली तरी कळलं नाही. आज मी काळ्यासाठी रडले. नुसती त्याच्यासाठी नाही, खोटं कशाला लिहू.

वर्षा फोनवरच होती. तिला म्हटलं, "त्या गोळीने दाढ थांबली होती गं." ती म्हणाली, "कुठल्या गोळीने?" मी सांगितलं. ती एकदम ओरडली, "सिस्टर, बसून राहा. घरात कोण आहे?"

हे होते. दारात उभे होते, केव्हापासून माहीत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. दाढ, आंबा, गोळी, रद्द केलेली तारीख. वाटलं, आता तरी रागावतील. त्यांनी फोन उचलला, डॉक्टर परेशचा नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "तू सांग. मला नीट सांगता येणार नाही," म्हणाले.

डॉक्टरांनी मधे एकदाही टोकलं नाही. मग विचारलं, "किती दिवसांपासून?" मी म्हटलं, गणपतीपासून. "बेन, तुम्ही नर्स आहात ना?" म्हणाले. मी म्हटलं, हो, म्हणूनच. आता सीटी नाही, सरळ अँजिओग्राफी. आजच भरती व्हा म्हणाले. गाडी येतेय. एक मजलाही चढायचा नाही, पिशवी उचलायची नाही, हे सगळं मला सांगून झालंय. दोन वेळा सांगितलं. मी असते तर मीही दोन वेळा सांगितलं असतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार. वापी

सकाळ. उपाशी ठेवलंय. साडेदहाला नंबर आहे. नर्स मुलगी शीर शोधताना "टेन्शन नका घेऊ" म्हणाली. मी तिला म्हटलं, ते वाक्य सोडून दुसरं काही शीक.

काल घरापासून स्टेशन रोडवर उभ्या असलेल्या गाडीपर्यंत चालत आलो. माझा हात धरून हे अगदी सरळ, न थांबता चालले, पण माझ्यापेक्षा कणभर हळू. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस चपलेला काहीही झालं नव्हतं. या माणसाला मी म्हातारा म्हणत होते. वाटेत काही बोलले नाही, आज बाहेर आले की बोलेन.

प्रगतीला कळवलं. तिने आधी मला झापलं आणि मग बापाला. दुपारपर्यंत पोचेल.

आत्ता वर्षाचा फोन आला होता. तलासरीहून. मागे गाड्यांचा आवाज. म्हणाली, लडक्या सकाळी सात वाजता शुक्रीला घेऊन स्वतःच उपकेंद्राशी येऊन बसला. निघायला तयार, डबी हातात. खिळे काढून धुतलेली होती, तरी मी नवी दिली, म्हणाली. थुंकी दिली, फोटो काढला, रिपोर्ट यायचाय. फोटो बघून डॉक्टरांनी मान हलवली, बहुतेक टीबीच. पण गोळ्या आहेत, बरा होईल.

मग शुक्रीने फोन हिसकावला. "बाय, गेलीस का?"

"आले गं. इथेच आहे."

"लडक्या बोलला, तुजा अंगठा बघून त्याला नीज नाय आली," म्हणाली. "बोलला, बायनीच अंगठा दिला तर आता आपल्याला ओढून कोण नेल?" मग म्हणाली, "बेस कर."

फोन परत वर्षाकडे आला. नोंदवही काल इकडे येताना वाटेत ह्यांनी तिच्याकडे दिलीय. ती म्हणाली, "सिस्टर, तुमची ओळ अर्धी आहे. नकार खोडून सही करते, कारणाच्या जागी रेघ मारते. पण पाठपुराव्यात काय लिहू?"

आत बोलावताहेत. ह्यांच्याकडे घड्याळ, मंगळसूत्र आणि चष्मा दिलाय, डायरी आता देते. वाचू नका असं सांगणार होते, पण वाचू देत.

वर्षाला म्हटलं, तो रकाना रिकामा ठेव. मी येऊन भरते.